पितळी ठसा

कोळीवरीच्या नाक्याला, विद्यापीठाच्या गेटासमोर,
सहा बाय नऊच्या गाळ्यात
मी प्रबंध बांधतो.
वाचत नाही. पहिलं पान आणि शेवटचं,
एवढीच माझी विद्या:
नाव शुद्ध आहे का, आणि पानं उलटी तर लागली नाहीत ना.

मंगळवारी कांबळी शिपाई आला,
चहाची उधारी विसरून,
हातात चार पानी परिपत्रक.
कलम तीन. विद्यापीठाचं बोधचिन्ह हे आता
नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे.
विनापरवाना छपाई, ठसा, स्टिकर, टी-शर्ट, केक
(केकसुद्धा लिहिलंय)
कारवाईस पात्र.
ठसे असल्यास पंधरा तारखेच्या आत जमा करावेत.

माझ्याकडे ठसा आहे. पितळेचा, मुठीएवढा.
बाबांनी एकाहत्तर साली भुलेश्वरच्या कारागिराकडून
कोरून घेतला, चाळीस रुपयांत.
ठसा उलटा कोरतात. कारागीर सगळं उलटं कोरत गेला,
ज्योत उलटी, पुस्तक उलटं,
शेवटच्या ठिणगीला मात्र विसरला.
छापात ती डावीकडे पडते. एकटीच.
पन्नास वर्षं या शहरातल्या डॉक्टरेटांच्या अंगावर
ती चुकलेली ठिणगी सोन्याची होऊन बसली आहे,
एकाही परीक्षकाला दिसलेली नाही.

कलम पाच, स्वामित्वहक्क. ते मला कळलं नाही,
कांबळीलाही नाही.
कलम सात, कृत्रिम बुद्धिमत्ता.
त्याच्यासोबत एक फॉर्म, प्रबंधात तिसऱ्या पानावर बांधायचा.

तो फॉर्म घेऊन हर्षाली तांडेल
माझ्या स्टुलावर बसून होती, दुपार सरेपर्यंत.
खारदांड्याची. प्रबंध वाऱ्यांच्या नावांवर,
तिच्या आत्यानं, चांगुणाबायनं, सुकट पसरता पसरता सांगितलेल्या.
यंत्रानं तपासून कळवलं होतं:
प्रकरण चार, यंत्रानं लिहिलेलं असण्याची शक्यता
अडतीस टक्के.
चार म्हणजे आत्याचं बोलणं. जसंच्या तसं.
‘पानी आयलं, पानी गेलं, वाऱ्याला कोन इचारतं.’
असं चाळीस पानं.
वाक्यं फार एकसारखी आहेत म्हणे.

मला हसू आलं. तिला नाही आलं.

फॉर्मवर छापलं होतं:
या लेखनात कोणत्याही यंत्राची वा व्यक्तीची मदत
घेतली असल्यास तपशील द्यावा.
खाली दोन ओळी. दोनच.
तिनं बारीक अक्षरात लिहायला घेतलं.
आत्या. आत्याची शेजारीण, जिनं दोन वारे दुरुस्त केले.
मोबाइलमधला शब्दकोश.
टायपिंगवाली शेख मॅडम, जिनं ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं
आणि पैसे अर्धेच घेतले.
ओळी संपल्या, समासात शिरली,
मग कागद आडवा केला.
मग मान वर करून म्हणाली,
काका, तुमचं नाव काय?

माझ्या पाटीवर नुसतं ‘बाइंडिंग’ आहे.
मी म्हटलं, आमचं नको लिहूस, आमची ठशाची भानगड आहे.
तरी लिहिलं तिनं. चौकेकर. पुढे ‘शिवण’.

शेगडीवर ठसा तापवला.
थुंकीचं बोट टेकवलं, चर्र झालं.
मरून रेक्झीनवर सोनेरी कागद,
आणि ठसा मी सरळ धरला नाही,
कलता धरला, नुसत्या कडेवर,
जीव मनगटात आणून.
ज्योत उठली नाही. पुस्तक उठलं नाही.
कोपऱ्यात एक ठिणगी उठली.

परिपत्रकावरच्या चिन्हाशी मी ताडून पाहिलं, चष्मा लावून.
तिथं ती नाही. त्यांनी नोंदवलेलीच नाही.
ज्यानं कोरली त्याचं नाव
बाबांनाही ठाऊक नव्हतं.

पाच प्रती, सव्वीसशे रुपये.
आत्ता उचलू नकोस, म्हटलं, उद्या चारनंतर ये,
खळ ओली आहे अजून.